घासायला दिलेली बाटली

लिहायला बसलो आहे खरा, पण मनात धाकधूक आहे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी शाळेचा उंबरा ओलांडलेला नाही. वाक्य कुठं तुटलं, शब्द चुकला, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. दुसरी भीती याहून मोठी आहे. अशा लेखनात लिहिणारा सोसलेलं सांगतो आणि वाचणारे हळहळतात. मी नुसतं सोसलेलं नाही. एका माणसाचे डोळे गेले तेव्हा मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. काय होणार ते मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. असल्या माणसानं लिहावं का, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पण तिथं असलेल्या बाकीच्यांपैकी कुणी लिहिणार नाही, एवढं आता कळलं आहे. म्हणून लिहितो. क्षमा असावी.

सांगलीतल्या एका कॉलेजात मी प्री-सायन्सला होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिल्याच प्रॅक्टिकलला माझ्या हातातून चिमटा काढून घेतला गेला.

एका टेबलावर चार मुलं. मी, आणि तिघं ऊसपट्ट्यातली. त्यातला एक इस्लामपूरकडचा, त्याला सगळे बाळासाहेब म्हणत. टेबलावर नळ्या, स्पिरीटचा दिवा आणि एकच चिमटा. तो चिमटा मी उचलला. मला नळी दिव्यावर धरायची होती. तेवढ्यात डेमॉन्स्ट्रेटर सर आले. त्यांच्या हातात हजेरीचा कागद होता. फ्रीशिपवाल्या, म्हणजे फी माफ असलेल्या, मुलांच्या नावापुढं त्यावर लाल खूण असायची. त्यांनी कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. माझ्या बोटांतून चिमटा हळूच सोडवून घेतला आणि बाळासाहेबाला दिला.

“तू राहू दे. तू नळ्या धू. ते तुला जमेल.”

ते ओरडले नाहीत. हे मुद्दाम लिहितो. अगदी मऊ आवाजात, एखाद्याची सोय पाहावी तसं म्हणाले.

बाळासाहेब म्हणाला, “सर, माझी फटफटी बी हाय धुवायची.”

सगळं टेबल हसलं. सर हसू आवरत पुढच्या टेबलाकडं गेले. मी मोरीकडं गेलो.

गावाकडं असं नव्हतं. माझं गाव वडूजपासून तीन कोसांवर. तिथं सगळं उघड. पाणी वरून ओततात, वस्ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला. आपण कुठं उभं राहायचं ते लहानपणीच कळतं. सांगलीत मला कुणी जात विचारली नाही. खाणावळीत ताट वेगळं मांडलं नाही. मी वडूजच्या बोर्डिंगातल्या मित्राला पोस्टकार्ड लिहिलं होतं, इथं तसलं काही नाही म्हणून. ते कार्ड टाकून दोनच दिवस झाले होते.

त्या दिवसापासून चौघांच्या नळ्या मी धुवायचो. प्रयोग बाळासाहेब करायचा. मी हात पुसत यायचो तोवर रंग बदलून गेलेला असायचा, साका खाली बसलेला असायचा. काय झालं ते मी त्याच्या वहीतून उतरवून घ्यायचो. सहा महिने मी रसायनशास्त्र ओल्या हातांनी शिकलो.

का सोसलं, असं कुणी विचारेल. जर्नलसाठी. प्रत्येक प्रयोग जर्नलमध्ये लिहायचा, त्याखाली डेमॉन्स्ट्रेटरची सही घ्यायची. वर्षाअखेर सगळ्या सह्या असल्या की शेवटच्या पानावर सर्टिफिकेट मिळतं. ते नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की फ्रीशिप गेली. माझं सगळं शिक्षण त्या एका माणसाच्या सहीवर टांगलेलं होतं. हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

मोरीवर मला तात्या भेटला. तात्या म्हणजे लॅबचा हमाल. पन्नाशीचा, वाळकी अंगलट, खाकी कोटाची एक बाही उसवलेली. आमच्याच समाजाचा. धर्मांतराच्या वेळी घरातले देव त्यानं स्वतः डोक्यावरून नेऊन ओढ्यात सोडले होते. त्याला वाचता येत नव्हतं, पण फळीवरच्या दीडदोनशे बाटल्या तो जागेवरून आणि बुचावरून ओळखायचा. प्रत्येकीला त्यानं स्वभाव दिला होता.

“ही बोटं पिवळी करती. हिला लांबनं सलाम करायचा,” नायट्रिक ॲसिडकडं बोट करून तो म्हणायचा. “आन ही, अमोनिया. लय रडवी. सासरी निगालेली पोर जणू. बूच काढलं की रडणं सुरू.”

“तात्या, तुला ह्यातलं सगळं कळतंय की,” मी म्हणायचो.

“कळतंय कुटलं गड्या? वळख हाय नुसती. गावात पाटलाची बी वळख हाय मला. म्हून काय त्यो चा पाजतुय व्हय?”

मला धुताना पाहून तो पहिल्या दिवशी चिडला होता. “तू कशापाई धुतुयास? तू कालेजात आलायास का माज्या हाताखाली?” मी नळी धूत राहिलो. मग त्यालाही कळलं. त्यानंतर माझ्या नळ्यांपैकी निम्म्या तो न बोलता आपल्या बाजूला ओढून घ्यायचा.

थंडीत प्रोफेसरांनी अल्क धातू शिकवायला घेतले. वडूजच्या हायस्कुलात सोडियम म्हणजे फळ्यावरची दोन इंग्रजी अक्षरं. आमचे मास्तर म्हणायचे, इथं नाही रे आपल्याकडं, कॉलेजात गेलास की बघशील. आता तो समोर होता. तपकिरी काचेच्या बाटलीत, रॉकेलमध्ये बुडवलेला. त्याचं कपाट कुलपात असायचं. त्या कपाटाला तात्यानं कधी हात लावलेला नव्हता.

प्रोफेसरांनी एक ढेकूळ चिमट्यानं काढलं, टिपकागदावर ठेवलं आणि सुरीनं कापलं. धातू, आणि सुरीनं कापला! आमच्याकडं धातू म्हणजे कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ. त्याला वळवायला भाता लागतो, घण लागतो. हा कपड्याच्या साबणासारखा कापला गेला. कापलेली बाजू नव्या रुपयासारखी चकाकली. मी दोनदा पापणी लववली तोवर राखी पडली. हवा लागली की असंच होतं, प्रोफेसर म्हणाले. मग वाटाण्याएवढा तुकडा त्यांनी पाण्याच्या भांड्यात टाकला. तो बुडाला नाही. गोल झाला आणि सूं सूं करत पाण्यावर पळत सुटला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. पळता पळता संपला. तांबडा लिटमस त्या पाण्यात बुडवला तर निळा झाला. पोटॅशियमचा कण टाकला तर तो पेटलाच. जांभळट ज्योत.

“मोठा तुकडा टाकला तर, सर?” मागून कुणीतरी विचारलं.

“मग तुम्ही मला विचारायला राहणार नाही,” प्रोफेसर म्हणाले.

संध्याकाळी कृष्णेच्या काठानं चालत मी ते पाठ केलं. मऊ. पाण्याहून हलका. हवेत मळतो. पाण्याशी जोरात क्रिया, हायड्रोजन सुटतो, मागं दाहक अल्क उरतं. ते कातडी खातं, डोळ्यात गेलं तर डोळा खातं. म्हणून रॉकेलमध्ये ठेवतात. इंग्रजीत पाठ केलं, मग मराठीत स्वतःला समजावलं. त्या दिवशी मी सुखी होतो. आपल्याला हे कळतंय याचं सुख. तसं सुख पुन्हा वाट्याला आलं नाही.

पुढच्या आठवड्यात डेमॉन्स्ट्रेटर सर ज्योतींचे रंग लिहून देत होते. घाईत असतील. सोडियमची जांभळी, पोटॅशियमची पिवळी, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मुलं उतरवून घेत होती. मी उभा राहिलो. का राहिलो, मला आजही कळत नाही. बहुतेक पाठ केलेलं तोंडात मावत नव्हतं.

“सर, उलटं आहे.”

सरांनी फळ्याकडं वळून पाहिलं. मागच्या बाकावरून एक शीळ आली, मग हसू. त्यांनी फडक्यानं रंग पुसले आणि नीट लिहिले. तास संपल्यावर मला टेबलाजवळ बोलावलं. माझं जर्नल उघडलं, त्या दिवसाच्या पानावर सही न करताच मिटलं.

“तुला विचारलं तर बोलायचं. नाहीतर नाही. सर्टिफिकेट कोण देतो, माहीत आहे ना?”

“हो सर.”

“धुणं झालं?”

“नाही सर.”

“मग जा.”

मी गेलो. त्यानंतर मी त्या लॅबमध्ये तोंड उघडलं नाही. दोन आठवडे. नंतर जे झालं ते त्यामुळंच झालं असं म्हणणं मला सोयीचं आहे, म्हणून तसं म्हणत नाही.

युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती. लॅब झाडून पुसून चालली होती, कुलपातली कपाटं उघडली होती, सर यादी घेऊन बाटल्या मोजत होते. आमचं प्रॅक्टिकल संपलं होतं. मुलं व्हरांड्यात होती. मी मोरीच्या एका नळावर नळ्या धूत होतो. तात्या दुसऱ्या नळावर. बाळासाहेब वही विसरला म्हणून परत आला होता आणि दारात उभा होता.

सरांनी कपाटाच्या तळातून एक जुनी बाटली काढली. लेबल सडून गेलेलं. ती त्यांनी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली.

“तात्या, ही बाटली रिकामी कर आणि स्वच्छ घासून ठेव.”

एवढंच. याहून एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आणि ते पुन्हा यादीकडं वळले.

तात्यानं बूच काढलं, वास घेतला. “राकेल हाय की रं,” तो माझ्याकडं बघून हसला. लॅबमध्ये वापरून झालेलं रॉकेल तात्या घरी नेतो, हे सगळ्यांना माहीत होतं. फेकायचंच असायचं. प्रोफेसरांनीच एकदा सांगितलं होतं, घेऊन जात जा म्हणून. त्यासाठी त्याची एक दारूची रिकामी बाटली मोरीमागं ठेवलेली असायची. त्यानं ती काढली. खांद्यावरचं फडकं तिच्या तोंडावर धरलं आणि रॉकेल गाळून ओतू लागला. घाई नाही. शेवटी बाटली उलटी धरून थेंब थेंब निथळू दिली. रॉकेलचा एकेक थेंब रेशनवरून डोक्यावर वाहून आणणारा माणूसच तसं निथळतो. दुसरा कुणी असता तर त्यानं बाटली तशीच बाहेर नेऊन उपडी केली असती.

बाटलीच्या तळाशी तीन-चार ढेकळं होती. पांढऱ्या पापुद्र्याची, चुनखडीसारखी. बाटली हलताना एकाचा टवका उडाला आणि आत काहीतरी चकाकलं.

ती चकाकी मी ओळखली.

माझ्या तोंडात शब्द आला होता. सर पाच पावलांवर पाठमोरे उभे होते. मी त्यांच्या पाठीकडं पाहिलं. मला वाटलं, त्यांना माहीत असेल. मला वाटलं, माझी ओळख चुकली असेल. मला वाटलं, पुन्हा चूक काढली तर. हे सगळं वाटायला किती वेळ लागतो? नळाखाली धरलेली एक नळी भरून वाहायला लागावी, एवढा. तेवढा वेळ माझ्या हातात होता.

तात्यानं बाटली नळाखाली धरली आणि चावी फिरवली.

“तात्या!”

मी ओरडलो तेव्हा पाणी पडलेलं होतं.

आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला. काचा माझ्या कानावरून गेल्या. मोरीत पिवळा जाळ उठला आणि विझला. तात्या खाली बसला होता. दोन्ही तळवे डोळ्यांवर. बोटांच्या फटीतून पांढरट पाणी आणि रक्त. तो ओरडत नव्हता. “काय झालं रं? काय झालं रं?” एवढंच विचारत होता. मी त्याचे हात बाजूला ओढले आणि नळाखाली डोकं धरून पाणी मारत राहिलो. मारतच राहिलो. धुवायचं मला येत होतं.

सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातातली यादी खाली पडली होती, हेही लिहिलं पाहिजे. मग ते धावत प्रोफेसरांकडं गेले. तासाभरानं तात्याला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी सोबत गेलो नाही. जा असं कुणी म्हणालं नाही, आणि माझे पाय निघाले नाहीत. नंतरही मी दवाखान्यात गेलो नाही. त्याच्यासमोर कुठलं तोंड घेऊन जायचं?

तिसऱ्या दिवशी मला प्रोफेसरांच्या खोलीत बोलावलं. प्रोफेसर, डेमॉन्स्ट्रेटर सर आणि कॉलेजचा क्लार्क. टेबलावर एक लिहिलेला कागद होता. शेजारी माझं जर्नल. शेवटचं पान उघडं, सर्टिफिकेटचा मजकूर छापलेला, सहीची जागा कोरी.

कागद क्लार्कनं वाचून दाखवला. त्यातली वाक्यं मला जशीच्या तशी पाठ आहेत. “बाटलीत धोकादायक पदार्थ असल्याची स्पष्ट सूचना सदर हमालास देण्यात आली होती. त्याने रॉकेलच्या लोभाने सूचनेकडे दुर्लक्ष केले. हे मी समक्ष पाहिले व ऐकले.” खाली बाळासाहेबाची सही झालेली होती. तिच्याखाली माझं नाव लिहून जागा सोडली होती.

“नीट विचार करून सही कर,” प्रोफेसर म्हणाले. “घाई नाही. सोमवारपर्यंत वेळ घे.”

मी एस.टी.नं गावाला गेलो. वडूजला उतरून चालत. आबा, म्हणजे माझा बाप, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. दुपारची सुट्टी होती. खडीच्या ढिगाच्या सावलीत बसून मी सगळं सांगितलं. मी गप्प राहिलो तेवढं सोडून. आबा भाकरी खात ऐकत होता.

“सही कर,” तो म्हणाला.

“आवं पर आबा, त्येंनी खोटं लिवलंया.”

“खरं लिवलेला कागूद आपुन कवा बघितलाय?”

मी ढिगातला एक खडा उचलून टाकला.

“त्येचं डोळं गेलं ते गेलं,” आबा म्हणाला. “तुज्या सहीनं माघारी येनार हायती का? न्हाई न्हवं? मग? तुजं एक वरीस म्हंजी माजं कंबारडं हाय लेका. जा. सही कर आन परीक्षा दे. लय इचार करू नगं. इचार करायला आपल्याकडं शेती न्हाई का वाडी न्हाई.”

तो रागावला नव्हता. उठला, हात झटकले आणि हातोडा उचलला. मी पाहत राहिलो. जाताना त्यानं वळून एवढंच विचारलं, “त्येला पोरंबाळं किती हायती रं?”

“एक पोरगी हाय. सातवीला.”

तो ढिगाशी बसला. एक दगड घेतला, फोडला.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, सही करायची. हे मी लपवत नाही. सोमवारी सही करायलाच मी त्या खोलीत गेलो. क्लार्कनं टाक पुढं केला. मी घेतला. शाईत बुडवला.

डेमॉन्स्ट्रेटर सर आज प्रसन्न होते. “शहाणा आहेस,” ते म्हणाले. “तुमच्यातली शिकणारी मुलं अशीच पुढं यायला हवीत.” मग प्रोफेसरांकडं बघून म्हणाले, “आणि सर, नवा माणूस मिळेपर्यंत लॅबच्या धुण्याचं हाच बघेल. हाताला सवय आहे त्याच्या. चार पैसे मिळतील बिचाऱ्याला.”

प्रोफेसर म्हणाले, “हो, हो. चांगली कल्पना आहे.”

कट करून बोलले नव्हते ते. सहज बोलले. उपकार करत होते. तात्या गेला, त्याच्या जागी हा. जागा रिकामी, माणूस तयार. मोरीवर एकाच्या जागी दुसरा उभा राहतो, एवढीच ती गोष्ट होती त्यांच्या लेखी. आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या विरुद्ध सही करून यायचं.

मी टाक खाली ठेवला. शाईचा डाग टेबलावर पडला.

“सर, मी ऐकलं ते वेगळं आहे.”

“काय?”

“तुम्ही म्हणालात, ही बाटली रिकामी कर आणि स्वच्छ घासून ठेव. बाकी काही म्हणाला नाहीत. आणि रॉकेल न्यायला तात्याला याच कॉलेजनं सांगितलं होतं. तो लोभ नव्हता.”

प्रोफेसर खिडकीबाहेर पाहू लागले. डेमॉन्स्ट्रेटर सरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मग त्यांना ते सापडलं. मला ज्याची भीती होती, ते सापडणारच होतं.

“तू तिथंच उभा होतास,” ते म्हणाले. “ज्योतीचे रंग तोंडपाठ आहेत ना तुला? मग त्या वेळी का नाही बोललास? आज तुझं तोंड उघडतंय?”

बोलायचं होतं पुस्तकी, तोंडातून आलं गावाकडचं.

“व्हय सर. मला म्हाईत हुतं. मी बोललो न्हाई. त्ये बी लिवा. तुमी काय म्हनला त्ये लिवा आन मी गप बसलो त्ये बी लिवा. तसा कागूद करा. मी आत्ता सही करतो.”

क्लार्कनं प्रोफेसरांकडं पाहिलं. प्रोफेसर उठले. त्यांनी माझं जर्नल मिटलं आणि माझ्या हातात दिलं. शेवटचं पान कोरंच होतं.

“जा,” ते म्हणाले.

एवढीच माझी बंडखोरी. एका खोलीत, चार भिंतींच्या आत, तिघांसमोर. कुणी टाळी वाजवली नाही. बाहेर व्हरांड्यात बाळासाहेब उभा होता. त्यानं मान दुसरीकडं वळवली.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मला बसू दिलं नाही. जर्नल अपूर्ण, एवढंच कारण लिहिलं. वर्ष गेलं. फ्रीशिप गेली. आबा चार महिने माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हाही त्या विषयावर बोलला नाही. आई लोकांना सांगायची, पोराची तब्येत बिघडली हुती.

आता मी साताऱ्याला आहे. आर्ट्सला. सायन्सची दारं एकदा बंद झाली की पुन्हा उघडत नाहीत, निदान आमच्यासारख्यांना. इथं प्रयोगशाळा नाही, जर्नल नाही, कुणी धू म्हणत नाही. पुष्कळांना वाटतं, मी सुटलो. पण इंग्रजीच्या तासाला मध्येच मला अल्क धातू आठवतात. मी वहीच्या मागं समीकरण लिहितो, दोन्ही बाजू जुळवतो आणि खोडतो.

या दोन वर्षांत मी कॉलेजला दोन अर्ज पाठवले. युनिव्हर्सिटीला एक. घडलं ते जसंच्या तसं, माझ्या गप्प राहण्यासकट. खाली माझं पूर्ण नाव आणि गाव. उत्तर एकाचंही आलं नाही. तरी मला एक समाधान होतं. मी सही केली नाही, तेव्हा तो कागद अडला असेल. तात्याच्या माथी ते सहज मारता आलं नसेल. त्याला काहीतरी मिळालं असेल, निदान नोकरी तरी राहिली असेल. माझं एक वर्ष आणि त्याचं घर, असा हिशेब मी मनात करून ठेवला होता. तात्याला पत्र घालायचं धाडस मात्र झालं नाही.

गेल्या महिन्यात त्याचंच पत्र आलं. बोर्डिंगातून पत्ता विचारून लिहिलेलं. अक्षर त्याच्या मुलीचं, गोल गोल, जपून काढलेलं. वर जयभीम. पुढं असं:

“दादा, तात्या सांगतात ते मी लिहिते. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी कॉलेजचे क्लार्क आले होते. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. रजेचा पगार मिळण्याचा कागद आहे म्हणाले. बोट धरून शाई लावली आणि अंगठा घेतला. पुढे कळले की त्यात चूक माझीच आहे आणि माझी काही तक्रार नाही असे लिहिले होते. त्यानंतर महिन्याने कामावरून काढल्याचे पत्र आले. तुम्ही सही केली नाही हे तात्यांना आत्ता समजले. तात्या म्हणतात, पोराने उगीच वरीस घालवले, त्याच्या सहीवाचून कॉलेजचे काही अडले नव्हते. तात्यांना लय वाईट वाटले. उजव्या डोळ्याने उजेड कळतो. डाव्याने नाही. मी शाळा सोडली आहे.”

दुसऱ्या दिवशी. म्हणजे मला खोलीत बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी. मी टाक खाली ठेवला तेव्हा त्यांच्या कपाटात तात्याचा अंगठा वाळलेला होता. माझ्या नकारानं काही थांबलं नाही. कुणाचं काही वाचलं नाही.

मग माझी सही त्यांना कशाला हवी होती? ते पत्र मी पुन्हा वाचलं. कागद त्यांचा पुरा झाला होता. त्यांना मी हवा होतो. शिकलेला, त्यांच्या बाजूनं बोलणारा, तात्याच्या जातीचा, तात्याच्या मोरीवर उभा असलेला.

तो त्यांना मिळाला नाही. यापुढंही मिळणार नाही. चौथा अर्ज मी आज टाकला आहे. त्यात तो अंगठा कसा घेतला तेही लिहिलं आहे.